मृगाचे बेडूक आणि मार्चअखेरचा हप्ता

काही वर्षांपूर्वी एका शासकीय संस्थेने मला एक छोटे संशोधन अनुदान मंजूर केले होते. बेडूकमाशांच्या मागच्या पायांचे पुनर्जनन हा त्याचा विषय होता. पाय कापल्यावर तो कोणत्या वयापर्यंत पुन्हा पूर्ण उगवतो, कोणत्या वयानंतर अर्धवट उगवतो आणि केव्हापासून मुळीच उगवत नाही, हे आमच्या भागातल्या बेडकांमध्ये नीट पाहून नोंदवायचे होते. दोन वर्षांसाठी मिळून रक्कम अडीच लाख रुपये होती. पहिला हप्ता महाविद्यालयाच्या खात्यात आला तो मार्चच्या २३ तारखेला, आणि सोबतच्या पत्रात लिहिले होते की चालू आर्थिक वर्षात न वापरलेली रक्कम परत करावी लागेल.

मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यात बेडूक कुठे असतो, हे ज्याने इथले शेत पाहिले आहे त्याला सांगायला नको. नाल्यांचे दगड उघडे पडलेले असतात, विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते आणि बेडूक जमिनीच्या भेगांत, बांधाच्या दगडांखाली कुठेतरी श्वास राखून बसलेला असतो. तो वर येतो मृगाच्या पहिल्या दमदार पावसाला. त्या रात्री सगळे शिवार डरावडरावने भरून जाते, सकाळी डबक्यांमध्ये अंड्यांच्या काळ्या मण्यांच्या माळा दिसतात, आणि त्यातून निघालेले बेडूकमासे महिना-दीड महिन्यात पाय फुटून, शेपूट जिरून पाण्याबाहेर पडतात. माझ्या कामाला लागणारा काळ त्या दीड महिन्यातलेही पहिले काही आठवडे, कारण मागचा पाय जसजसा पूर्ण घडत जातो तसतशी तो पुन्हा उगवण्याची क्षमता ओसरत जाते. वर्षभरातून तेवढीच संधी, आणि तिच्या अडीच महिने आधी माझ्याकडे आठ दिवसांत खर्च करायचे पैसे होते.

मी काय केले ते सांगतो, कारण असे करणारा मी एकटा नाही. काचेच्या टाक्या, हवेचे छोटे पंप, मोजपट्टी असलेले एक भिंग, काही रसायने, असे जे जे त्या आठ दिवसांत जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून मागवता आले ते मागवले. त्यातले निम्मे नंतर उपयोगी पडले. मुख्य खर्च होता प्रकल्प सहायकाच्या मानधनाचा, कारण बेडूकमाशांना दिवसातून दोनदा पाहावे लागते, पाणी बदलावे लागते, मेलेले वेळीच काढावे लागतात आणि मला दिवसाला चार तास शिकवायचे असते. परंतु मार्चमध्ये सहायक नेमून त्याला करायला लावायचे काय? ते पैसे परत गेले. जूनमध्ये बेडूक आले तेव्हा माझ्याकडे टाक्या होत्या, पण पाणी बदलणारा हात नव्हता.

दुसरा हप्ता मिळण्यासाठी पहिल्याचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, द्यावे लागते. त्याचा नमुना ठरलेला आहे, बारा-ए, आणि त्यावर सनदी लेखापालाची सही लागते. शिवाय अनुदानाच्या खात्यात जमा झालेले व्याज भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलमार्फत केंद्र सरकारला परत करावे लागते. माझ्या खात्यात ते चारशे बारा रुपये झाले होते आणि ते परत करण्यात माझ्या दोन दुपारी गेल्या. मला यात कोणा कारकुनाचा दोष दिसत नाही. सार्वजनिक पैसा आहे, त्याचा हिशेब पैशापैशाने लागला पाहिजे, हे मला मान्य आहे आणि आमच्या महाविद्यालयाच्या लेखापालांनी प्रत्येक वेळी मला शक्य ती मदतच केली. माझी तक्रार पंचांगाविषयी आहे. एप्रिल ते मार्च या वर्षात बसणारे विज्ञानही असते, नाही असे नाही, पण जे प्राणी पावसावर जन्मतात त्यांचे वर्ष जूनला सुरू होते. दुसरा हप्ता चौदा महिन्यांनी आला, म्हणजे मधला एक पूर्ण पावसाळा कोरडा गेला.

त्याच कोरड्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक काका प्रयोगशाळेत आले होते. त्यांचा उजवा पंजा कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्याकडे हे नवे नाही. कुट्टीचे यंत्र, सोयाबीनची मळणी, विजेचा धक्का, घोणस चावून सडलेले बोट, साखरेच्या आजारात काढावा लागलेला पाय, अशी कारणे आणि अशी माणसे प्रत्येक गावात दोन-चार सापडतात. काकांनी टाक्यांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “सर, पालीची शेपटी पुन्हा येते. मंग माहा हात काऊन येत नाई?” मी काही बोलण्याआधीच त्यांचा दुसरा प्रश्न आला, “आन् ह्याच्यासाठी सरकार तुमाले पैसे देते?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जितके मला देता आले तितके मी दिले. पालीची नवी शेपटीदेखील जुन्यासारखी नसते. तिच्यात मणक्यांच्या जागी कूर्चेची एक सलग नळी असते. हात किंवा पाय हाडे, सांधे, स्नायू, नसा आणि बोटांसकट जसाच्या तसा पुन्हा उभा करणारा प्राणी म्हणजे सॅलमँडर, पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या नात्यातला एक उभयचर. इटलीचे लाझारो स्पालान्झानी यांनी ही गोष्ट १७६८ मध्ये लिहून ठेवली आणि तेव्हापासून माणसाला ती कळलेली आहे, पण समजलेली नाही. सॅलमँडरचा पाय कापला की काही तासांतच कातडीच्या पेशी सरकत येऊन जखम झाकतात. त्या झाकणाखाली स्नायूंच्या, कूर्चेच्या आणि त्यांना जोडणाऱ्या ऊतींच्या पेशी आपले ठरलेले काम बऱ्याच अंशी सोडून देतात, पुन्हा कोवळ्या होतात आणि एक गाठ तयार करतात, जिला ब्लास्टेमा म्हणतात. त्या गाठीत नस पोहोचली नाही तर पाय उगवत नाही. २०१३ मध्ये असेही दाखवले गेले की जखमेच्या जागचे मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, आधीच काढून टाकल्या तर सॅलमँडरलाही आपल्यासारखाच व्रण पडतो आणि पाय थुटा राहतो. आपल्या शरीराला जखम लवकर मिटवायची असते, म्हणून ते व्रण घालून मोकळे होते. लहान मुलाच्या बोटाचे अगदी टोक, नखाच्या मुळापुढचे, दारात चेमटून तुटले आणि त्याला टाके न घालता नुसते स्वच्छ झाकून ठेवले तर ते पुष्कळदा पुन्हा नीट येते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बालरुग्णालयातील सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्ये अशी मुले पाहून हे नोंदवले होते. म्हणजे ही विद्या आपल्या शरीरातून पूर्णपणे गेलेली नाही; बोटाच्या टोकाएवढी उरली आहे.

एवढे ऐकून काकांच्या डोळ्यांत जे आले ते पाहून मला पुढचे वाक्य बोलणे जड गेले. मी म्हणालो, “काका, तुमचा हात यातून येणार नाही. तुमच्या नातवाच्या काळातही येईल असे मी सांगू शकत नाही.” ते हसले आणि म्हणाले, “मंग ठीक हाय. खोटं नाई बोलले.” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्या दिवशी मिळाले नाही. ते उत्तर मी अजून जुळवतो आहे, आणि हा लेख त्याच जुळवणीचा भाग आहे.

काकांच्या प्रश्नानंतर माझ्या मनात जयपूरच घोळत राहिले. तुटलेल्या अवयवाला एकाच शहरातून, दहा वर्षांच्या अंतराने, दोन अगदी वेगळी उत्तरे मिळाली. पहिले उत्तर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला, जो घालून माणूस चिखलात चालू शकतो, उकिडवा बसू शकतो आणि अनवाणी शेतात जाऊ शकतो. विदर्भात आजही जयपूर फूटची शिबिरे भरतात तेव्हा माणसे पहाटेच्या एसटीने येऊन रांगा लावतात. उपयोग म्हणजे काय हे या पायाकडे बोट दाखवून सांगता येते.

दुसरे उत्तर कोणाला माहीत नाही. त्याच शहरात, राजस्थान विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, इक्बाल नियाझी आणि एस. सक्सेना हे दोघे भेकाच्या, म्हणजे अंगावर फोड असलेल्या त्या जाड कातडीच्या बेडकाच्या, बेडूकमाशांचे मागचे पाय कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेत ठेवत होते. पाय पोटरीतून कापला तर उरलेला भाग, म्हणजे पोटरीचा तुकडा आणि पंजा, तेवढाच उगवायला हवा. अ जीवनसत्त्वात ठेवलेल्या पिल्लांमध्ये मात्र कापलेल्या जागेतून वरचा भागही पुन्हा उगवू लागला, जणू त्या पेशींना आपण पायाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत याचा विसर पडला होता आणि त्यांनी वरून पुन्हा सुरुवात केली होती. हे निष्कर्ष १९७८ मध्ये पोलंडमधल्या क्राकोवहून निघणाऱ्या एका नियतकालिकात छापले गेले. आजच्या गुणांकनाच्या पद्धतीत त्या नियतकालिकाला फारसे गुण मिळाले नसते आणि बढतीच्या अर्जात त्या लेखाने कोणाचे भले केले नसते.

परंतु पुढे काय झाले ते पाहा. १९८२ मध्ये माल्कम मेडन यांनी हाच परिणाम मेक्सिकोच्या ॲक्सोलॉटल या सॅलमँडरमध्ये दाखवला आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाकडे गेले. १९९२ मध्ये भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील प्रियंबदा मोहंती हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख छापला, ज्याने अनेकांची झोप उडवली असावी. जमिनीत राहणाऱ्या, फुग्यासारख्या फुगणाऱ्या एका भारतीय बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापून त्याला अ जीवनसत्त्वात ठेवल्यावर शेपटीच्या जागी पाय उगवले होते. शेपटीच्या जागी पाय! (या बाई ओडिसीच्या नामवंत नर्तकीही होत्या, त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्या संबलपूर विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या. पायांविषयीचा त्यांचा जिव्हाळा दुहेरी होता असे मी वर्गात सांगतो, तेव्हा मागच्या बाकावरही जाग येते.)

आणि २०२५ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील जेम्स मोनाघन यांच्या गटाने ॲक्सोलॉटलमध्ये या विसराचे मूळ पुष्कळसे उलगडले. हातात वरपासून खालपर्यंत रेटिनॉइक आम्लाचे प्रमाण बदलत जाते. पंजाकडे ते कमी असते, कारण तिथे ते मोडून टाकणारे एक विकर जास्त असते. ते विकर औषधाने अडवले की पंजाची जागा स्वतःला दंड समजू लागते आणि मनगटातून कापलेल्या हातावर पुन्हा दंडापासूनचा हात उगवू लागतो. जयपूरच्या बेडूकमाशांनी १९७८ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे असे नेमके उत्तर मिळायला ४७ वर्षे लागली. आपल्याकडे संशोधन प्रकल्पाचा नेहमीचा कालावधी तीन वर्षांचा असतो.

या सगळ्या साखळीत मला सर्वांत मोलाचा वाटणारा खर्च कोणत्याही शोधाच्या नावावर जमा नाही. १८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला आणले गेले आणि प्रयोगशाळांमधल्या ॲक्सोलॉटलांची बरीचशी वंशावळ तिथपर्यंत जाते. ज्या झोचिमिल्कोच्या तलावांत ते मूळचे राहतात तिथे आता ते नामशेष होण्याच्या काठावर आहेत. अमेरिकेत त्यांचा एक सांभाळ आधी इंडियाना विद्यापीठात होता आणि २००५ पासून केंटकी विद्यापीठात आहे. तिथे ते पिढ्यान्पिढ्या वाढवले जातात, त्यांच्या वंशाची नोंद ठेवली जाते आणि मागेल त्या प्रयोगशाळेला अंडी व पिल्ले पाठवली जातात. हा खर्च तिथल्या केंद्र सरकारच्या अनुदानातून चालत आला आहे. त्या अनुदानाच्या अर्जात “या वर्षी आम्ही अमुक शोध लावू” असे कोणी लिहू शकत नाही. आम्ही पाणी बदलू, खाणे घालू आणि नोंदी ठेवू, एवढेच लिहिता येते. परंतु २०१८ मध्ये ॲक्सोलॉटलचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, ज्यात ३२ अब्ज अक्षरे आहेत, म्हणजे माणसाच्या दहापट, तेव्हा त्यामागे दीडशे वर्षे कोणीतरी बदललेले पाणी होते.

आपल्या देशाचा हिशेब मांडायचा तर भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता, आणि यात अणुऊर्जा, अवकाश, संरक्षण, शेती सगळे आले. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला, आधीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले आणि पाच वर्षांसाठी ५० हजार कोटी रुपयांचा आकडा जाहीर झाला. त्यातले १४ हजार कोटी सरकारचे आणि उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार आणि इतरांकडून येतील अशी कल्पना आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची वेगळी योजना मंजूर केली, पण ती खासगी क्षेत्रासाठी आहे आणि प्रयोगशाळेच्या टप्प्यातून बऱ्यापैकी पुढे आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. मला त्या योजनेविषयी असूया नाही. कारखान्याने धोका पत्करावा म्हणून त्याला स्वस्त भांडवल देणे समजण्यासारखे आहे. खटकते ते एवढेच की भेकाच्या पायावर कोणताही उद्योजक पैसे लावणार नाही आणि त्याने लावावेत अशी अपेक्षाही नसावी. ज्या कामाचे फळ ४७ वर्षांनी आणि दुसऱ्याच देशात पिकते, त्याचा धनको सरकारच असू शकते. देणगीदार मंदिराला देईल, रुग्णालयाला देईल, जयपूर फूटच्या शिबिराला तर आनंदाने देईल. बेडूकमाशांच्या टाकीवर आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावायला मला अद्याप कोणी भेटलेले नाही.

आणि मोठ्या संस्थांना मिळून जे उरते ते छोट्या ठिकाणी पोहोचायला हवे, असे मला वाटते. हे केवळ स्वार्थाने म्हणत नाही. पुनर्जननाच्या अभ्यासात भारताने जगाला जे दिले ते जयपूर आणि भुवनेश्वरच्या विद्यापीठांनी, आसपासच्या डबक्यांतल्या प्राण्यांवर काम करून दिले. सॅलमँडर भारतात मिळतो तो पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला. आमच्याकडे तो नाही, पण मृगाच्या रात्री आमच्या शिवारात जेवढ्या जातींचे बेडूक ओरडतात तेवढे बोस्टनच्या प्रयोगशाळेला कुठून मिळणार? आमचे नुकसान वेगळ्या गोष्टींत आहे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते आणि त्यात बेडूकमासे मरतात, हे मी पहिल्या वर्षी साठ पिल्ले गमावून शिकलो. कपाशीच्या शेतातल्या विहिरीचे पाणी फवारणीमुळे भरवशाचे नसते, म्हणून शेवटी देवळामागच्या जुन्या बारवेतून कॅनने पाणी आणायला लागलो. वीज गेली की पंप बंद पडतात. पृष्ठवंशीय प्राण्यांवर प्रयोग करायचा म्हणजे नैतिकता समितीची परवानगी हवी, जी हवीच, परंतु आमच्या महाविद्यालयात अशी समिती नाही आणि त्यासाठी मला ७० किलोमीटरवरच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या समितीपुढे उभे राहावे लागले. त्यांनी मला दोन तास बसवून बेडूकमाशांना भूल कशी देणार हे खोदून खोदून विचारले. तेवढ्या आस्थेने मला निधीच्या मुलाखतीत कोणी काही विचारले नव्हते.

निधीच्या मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: याचा समाजाला उपयोग काय? त्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस हळूहळू खोटे बोलायला शिकतो. पहिल्या अर्जात तो “या अभ्यासातून भविष्यात मानवी अवयवांच्या पुनर्जननाविषयी समज वाढू शकेल” असे लिहितो, दुसऱ्या अर्जात “वाढेल” असे लिहितो आणि तिसऱ्यात अपंग शेतकऱ्याचे नाव घेतो. मीही तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो होतो. काकांच्या हाताचे एक वाक्य मी एका अर्जात घातले होते, “कृषी यंत्रांमुळे अवयव गमावलेल्या ग्रामीण जनतेसाठी” असे काहीतरी, आणि तो अर्ज नामंजूर झाला तेव्हा मला पैशांपेक्षा त्या वाक्याची लाज जास्त वाटली. ज्या माणसाच्या तोंडावर मी “तुमचा हात येणार नाही” असे सांगितले होते, त्याच्याच तुटलेल्या पंजाचे मी दिल्लीच्या कागदावर भांडवल केले होते.

या वर्षीचा अर्ज मी गेल्या आठवड्यात पाठवला. उपयोगाच्या रकान्यात दोनशे शब्दांची मर्यादा होती, त्यातले मी तीस वापरले: “या प्रकल्पातून कोणतेही औषध किंवा उपचार निघणार नाही. विदर्भातील तीन जातींच्या बेडकांचा पाय कोणत्या तापमानाला, कोणत्या वयापर्यंत पुन्हा उगवतो याची विश्वासार्ह नोंद प्रथमच तयार होईल आणि ती सर्वांसाठी खुली राहील.” अंदाजपत्रकाच्या पानावर एक टीप जोडून विनंती केली की पहिला हप्ता मेच्या आत द्यावा, आणि ते शक्य नसेल तर न वापरलेली रक्कम पुढच्या जुलैपर्यंत ठेवू द्यावी. लेखापाल म्हणाले की अशी टीप कोणी वाचत नाही. बारवेवरून पाणी आणायला या वेळी काकांचा नातू तयार झाला आहे. तो अकरावीला आहे आणि त्याला द्यायचे पैसे मी सध्या माझ्या पगारातून बाजूला काढून ठेवले आहेत, कारण मृगाला आता सोळा दिवस उरले आहेत.